फळ्याचा उजवा कोपरा

फळा आठ फूट लांब आणि लिफ्ट सात फूट उंच. चारचौघांना यात अडचण दिसेल. मी गणिताचा प्राध्यापक असल्यामुळे मला अडचण दिसली नाही, कर्ण दिसला. उंची सात फूट, रुंदी पाच फूट, म्हणजे तिरकी लांबी साडेआठ फूट भरते. फळा तिरका घातला की सहा इंच शिल्लक राहून वर जाईल, हे मी विभागाच्या बैठकीत आकृती काढून सिद्ध केलं होतं. फळा लिफ्टच्या तोंडाशी आणल्यावर कळलं की त्याला चार फूट रुंदीही असते आणि लिफ्ट साडेतीनच फूट खोल आहे. रेषेला रुंदी नसते असं मी तीस वर्षं शिकवत आलो. फळ्याला ते कुणी शिकवलं नव्हतं.

पण लिफ्टच्या आधीचं सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढा जीव खाऊन जुना फळा नेताच कशाला? बायकोने हेच विचारलं, शेजाऱ्यांनी हेच विचारलं, आणि कुलसचिवांच्या कार्यालयाने तर लेखी विचारलं, सात दिवसांत उत्तर द्यावे म्हणून.

या फळ्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात खडूने आखलेली एक चौकट आहे. चौकटीत दोन ओळींचा प्रश्न, आणि त्याखाली ‘सुटेपर्यंत पुसू नये’. हे आमच्या सरांचं. सर म्हणजे विभागाचे पहिले प्रमुख आणि माझे गुरू. निवृत्तीच्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्या भाषणाची वाट बघत बसलो होतो. सर उठले, खडू घेतला, प्रश्न लिहिला, चौकट आखली, हात झटकले आणि घरी गेले. त्याला आता बावीस वर्षं झाली. सर गेले, प्रश्न राहिला. एका विशिष्ट जातीच्या संख्या मोजत गेलं तर त्या कुठेतरी संपतात की संपतच नाहीत, एवढंच त्यात विचारलंय. दिसायला इतका गरीब प्रश्न, की दरवर्षी नवी मुलं पहिल्या आठवड्यात तो सोडवून आणतात आणि दुसऱ्या आठवड्यात आपली चूक आपणच शोधतात. आमच्याकडे प्रवेश फी भरून होत नाही, त्या दुसऱ्या आठवड्यात होतो.

मीही तो सोडवतोय. बावीस वर्षं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, त्यामुळे सगळ्यांना माहीत आहे.

तर आमचं विद्यापीठ वाढलं. वाढलं म्हणजे मुलं इतकी झाली की मराठीचा वर्ग जिन्यात आणि रसायनशास्त्राचा मराठीच्या वर्गात भरू लागला. तेवढ्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला एक कंपनी बुडाली. लोकांना त्यांच्या भविष्याची तरतूद कशी करावी हे सांगण्याचा तिचा धंदा होता. तिची सहा मजली काचेची इमारत विद्यापीठाने घेतली, दारावरची पाटी उतरवून ‘ज्ञानशिखर’ अशी पाटी लावली आणि आमची जुनी कौलारू इमारत गाड्या लावण्यासाठी राखून ठेवली. विद्येला गाड्यांच्या खालोखाल महत्त्व आहे हे निदान स्पष्ट झालं.

इमारतीबरोबर काही गोष्टी तशाच आल्या. एक म्हणजे भिंतीवरची वाक्यं. दुसरा दारावरचा रखवालदार. तो बहुधा खुर्चीसकट करारात होता. आणि तिसरे तिथले व्यवस्थापक, ज्यांना विद्यापीठाने मालमत्ता अधिकारी करून घेतलं. बारीक मिशा, कडक इस्त्री, गळ्यात दोरीला ओळखपत्र. आम्ही त्यांचं नाव टॉवरसाहेब ठेवलं. त्यांनी आल्या आल्या परिपत्रक काढलं की ज्ञानशिखर हा खडूमुक्त परिसर राहील. छतातली धुराची यंत्रं खडूच्या धुळीनेही बोंबलतात, सबब सर्व फळे भंगारात जमा करावेत. प्रत्येक खोलीत मोठा पडदा मिळेल.

मी त्यांना भेटायला गेलो.

“सर, साधी गोष्ट आहे,” ते म्हणाले. “त्या कोपऱ्याचा फोटो काढू. पडद्यावर रोज सकाळी आपोआप येईल. हवं तर मागे संगीत लावू.”

“आणि फळा?”

“फोटो आल्यावर फळ्याची गरज काय?”

“तुमच्या घरी वडिलांचा फोटो आहे?”

“आहे ना. दिवाणखान्यातच आहे.”

“आणि वडील?”

“तेही आहेत.”

“मग त्यांना अजून घरात का ठेवलंय?”

हे मी बोलायला नको होतं. विभागातल्या सहकाऱ्यांनी नंतर पाठ थोपटली, पण टॉवरसाहेबांचा चेहरा असा काही आवळला की पुढचे तीन महिने माझा प्रत्येक कागद त्यांच्या टेबलावर सगळ्यांत खाली जाऊन झोपला. वाद जिंकला की अर्ज हरतो, हा नोकरीतला सिद्धांत मला सिद्धतेसह ठाऊक असूनही मी तो वेळेवर कधी वापरलेला नाही.

शेवटी वाट सापडली ती त्यांच्याच नियमपुस्तिकेत. स्थलांतराच्या नमुन्यात वस्तूंचे चार प्रकार होते: फर्निचर, उपकरणे, ग्रंथ आणि चालू प्रयोग. पहिल्या तिन्हींना अधिकाऱ्यांची मंजुरी लागे. चौथ्यापुढे मात्र एकच ओळ होती: ‘चालू प्रयोगात खंड पडू न देता तो आहे त्या स्थितीत हलवावा.’ जीवशास्त्रवाल्यांनी आपल्या बुरशीसाठी ती घालून घेतली असणार. मी चौथ्या रकान्यात लिहिलं: फळा एक, प्रयोग बावीस वर्षांपासून चालू.

सुरक्षा समितीकडून प्रश्नावली आली. प्रयोगातून कोणता वायू बाहेर पडतो? मी लिहिलं, उसासे. ते खोडून ‘निरंक’ लिहावं लागलं. प्रयोग उघडा ठेवल्यास माणसावर काय परिणाम होतो? झोप उडते. अपघात झाल्यास प्रथमोपचार काय? मी प्रामाणिकपणे लिहिलं की कुणाला अचानक उत्तर सुचल्यास त्याला खुर्चीवर बसवून पाणी द्यावं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला फोन करू देऊ नये. शिवाय दरमहा प्रगती अहवाल देण्याची अट पडली. पहिला अहवाल मी तिथेच भरून दिला. प्रगती: नाही.

मंजुरी आली, पण अटीसह. वर्गखोलीच्या स्वीकृती बैठकीत समितीने पाहणी करायची. प्रयोग आहे त्या स्थितीत, अखंड चालू आढळला तर फळा राहील. नाहीतर त्याच दिवशी भंगारात.

आता खडूची बावीस वर्षांची अक्षरं शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची. ही गोष्ट मी घरी जेवताना बोललो ही माझी चूक. संध्याकाळपर्यंत आमच्या आख्ख्या राहत्या इमारतीत झाली.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले, त्यामुळे दोन टोकं दिसली की त्यांना मध्ये पडावंसं वाटतं. ते टेप घेऊनच वर आले.

“प्रोफेसर, कोपरा कापून न्या. दीड बाय दीडचा तुकडा. बाकी फळा हवाय कशाला?”

“आणि कापताना करवतीने हादरा बसला म्हणजे?”

“मग भिंतीसकट न्या,” ते म्हणाले. त्यांच्याकडे लहान उपाय नव्हतेच.

वरच्या मजल्यावरच्या ब्युटी पार्लरवाल्या बाईंनी केसांवर मारायचा फवारा आणून दिला. “एकदा मारला की वादळात हलत नाही,” त्या म्हणाल्या. मी तो आधी घरी, मुलीच्या जुन्या पाटीवर मारून पाहिला. पाटीवरचं अक्षर हललं नाही हे खरं, पण ते वाचताही येईना.

बायको हे सगळं शांतपणे बघत होती. मग आत गेली आणि केकच्या खोक्याचं पारदर्शक झाकण घेऊन आली.

“अहो, हे चौकटीवर ठेवा आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावा. अक्षराला हातही लागणार नाही.”

“हे मला आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलं होतं? तुम्ही तज्ज्ञांना विचारत होतात.”

झाकणावर सोनेरी अक्षरांत ‘आनंदाचा क्षण’ असं छापलेलं होतं. आमच्या सरांच्या प्रश्नावर ते झाकण बसवलं, आणि त्या मथळ्याखाली तो प्रश्न घेऊन आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मी, सहा विद्यार्थी, आणि आमचे शिपाईमामा. मामा विभागात अठ्ठावीस वर्षं आहेत, आणि या फळ्याशी त्यांचा संबंध माझ्यापेक्षा जवळचा. मी त्यावर लिहितो तेवढंच, रोज पुसतात ते. कोपरा सोडून. तीन महिन्यांनी त्यांची निवृत्ती होती.

ज्ञानशिखरच्या दारात रखवालदाराने फळा थांबवला.

“सामान मशीनमधून जाईल.”

मशीन म्हणजे कंपनीने बॅगा तपासायला ठेवलेली ती पट्ट्याची पेटी. तिचं तोंड दोन फूट.

“अहो, हे आठ बाय चार आहे.”

“मग आत जाणार नाही.”

“कंपनी गेली, आता इथे विद्यापीठ आहे.”

“ते मला कुणी लेखी दिलेलं नाही,” तो म्हणाला. पाहिलं तर खरंच दिलेलं नव्हतं. गेले तीन महिने तो एका बुडालेल्या कंपनीचं रक्षण करत होता, आणि पगार विद्यापीठाकडून घेत होता. शेवटी मी माझ्या लेटरहेडवर लिहून दिलं की कंपनी अस्तित्वात नाही. त्याने कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि क्षणभर टोपी काढली. मग फळा आत गेला.

पुढे लिफ्ट, आणि माझा कर्ण. ते आधी सांगितलंच आहे.

राहिला जिना. जिन्याबद्दल मला भीती नव्हती, कारण चिंचोळ्या वळणातून लांब शिडी कशी वळवावी हे उदाहरण मी दुसऱ्या वर्षाला दरसाल शिकवतो. पहिली तीन वळणं त्या उदाहरणाप्रमाणे पार पडली. चौथ्या मजल्यावर फळा अडकला. पुढेही जाईना, मागेही येईना. माझ्या उदाहरणातल्या जिन्याला कठडा नसतो.

तिथे मी जिन्यावर बसून नवं समीकरण मांडलं. विद्यार्थ्यांनी आपापली मांडली. एकाने निष्कर्ष काढला की फळा इथपर्यंत येणंच अशक्य आहे. निवृत्त इंजिनिअरांना फोन केला, तर ते उत्साहाने म्हणाले, “कठडा कापा, मी निघालो.” खालून टॉवरसाहेब आले आणि त्यांनी सांगितलं की हा आगीच्या वेळचा सुटकेचा मार्ग असून तो अडवल्याबद्दल माझ्यावर नोटीस निघेल. मी म्हटलं, काढा नोटीस, निदान कागद तरी हलेल. फळ्याखाली वाकून उभं राहून स्वाभिमानाने बोलणं किती कठीण असतं हे त्या दिवशी कळलं.

मामा कठड्याजवळ आले.

“सर, कठड्याच्या वरून घ्या.”

“म्हणजे?”

“तुम्ही सगळे खालून वळवताय. उभा करून वरून घ्या. बाकं आम्ही अशीच नेतो.”

फळा उभा झाला, कठड्यावरून फिरला आणि वर गेला. अर्धं मिनिट लागलं. उदाहरणात मी आता कठडा घालतो आणि मामांची रीतही सांगतो.

आम्हाला सहाव्या मजल्यावर मिळालेल्या खोलीचं नाव होतं ‘झेप’. कंपनीने सगळ्या खोल्यांना अशी उड्या मारणारी नावं दिली होती. ‘झेप’ ही त्यांची गुप्त बैठकांची खोली, त्यामुळे तिला खिडकी नव्हती. फळा टांगला त्याच्या समोरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत वाक्य होतं: ‘अशक्य हा शब्द आम्हाला माहीत नाही.’ माझा पहिलाच तास होता तो सरळपट्टी आणि कंपासने कोन तीन समान भागांत विभागणं अशक्य आहे, या सिद्धतेचा. मुलं एकदा माझ्याकडे आणि एकदा भिंतीकडे बघत होती. मी भिंतीकडे पाठ करून शिकवलं.

पण खरा त्रास दिव्यांचा. तिथले दिवे माणसाच्या हालचालीवर चालतात. माणूस हलला की लागतात, दोन मिनिटं हलला नाही की विझतात. कंपनीत सगळे सारखे धावत असणार. आमच्याकडे पंचाईत अशी, की विचार करणारा माणूस हलत नाही, आणि न हलणारा माणूस या इमारतीच्या मते घरी गेलेला असतो. एखादा चांगला प्रश्न पडला की वर्ग गप्प व्हायचा आणि खोलीत काळोख. मग सगळ्यांनी हात वर करून हलवायचे. महिनाभरात ती सवयच झाली. आमच्या मुलांच्या अभ्यासाची खोली किती आहे हे बाहेरच्या लोकांना दाराखालच्या फटीतून अंधार किती वेळा झाला त्यावरून कळे.

स्वीकृती बैठक सोमवारी सकाळी अकराला ठरली. अशा बैठकीचं इतिवृत्त विभागप्रमुखाने लिहायचं असतं, म्हणजे मी. बायकोने मला जबरदस्तीने लोकरी कोट घालायला लावला.

“अगं, उकडेल.”

“कुलगुरू येणारेत. मळका शर्ट घालून प्रयोग दाखवणार का?”

कुलगुरू आले, टॉवरसाहेब आले, सुरक्षा समितीचे दोघे आले. आमची मुलं मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. टेबलावर पाण्याचे पेले मांडलेले. मी चिकटपट्टी हळूहळू सोडवली आणि केकचं झाकण उचललं. चौकट जशीच्या तशी होती. एका अक्षराला धक्का लागला नव्हता. मला इतकं भरून आलं की मी फळ्याला पाठ लावून उभा राहिलो आणि सरांविषयी चार शब्द बोललो, मग प्रश्न समजावून सांगितला. कुलगुरू मूळचे गणिताचे नव्हेत, पण माणूस चांगला. प्रश्न ऐकून ते कपाळाला आठ्या घालून विचार करू लागले. ते करतायत म्हटल्यावर समितीही करू लागली.

दिवे गेले.

सवय वाईट. महिनाभर जे करत आलो तेच केलं. दोन्ही हात वर केले आणि जोरजोरात हलवले. मागे मुलांनीही हलवले. दिवे आले.

सगळे माझ्या डोक्याच्या वर बघत होते. मी वळलो. उजव्या कोपऱ्यात काळाभोर, स्वच्छ फळा होता. डस्टरनेही इतकं नीट पुसता आलं नसतं. माझ्या डाव्या बाहीवर मात्र सरांचा प्रश्न पांढऱ्या पट्ट्यासारखा उमटला होता, वाचता येणार नाही असा.

बावीस वर्षं ज्याला मी कुणाला बोट लावू दिलं नाही, ते मी माझ्या हाताने, कोटासकट पुसलं. मी टेबलाला धरून उभा राहिलो.

पहिले सावरले टॉवरसाहेब. माणूस हुशार, हे मान्य करावं लागेल.

“सर, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही,” ते मोठ्या प्रेमाने म्हणाले. “तुमच्याच कागदात नोंद आहे, सुटेपर्यंत पुसू नये. आता तुम्ही पुसलंत, म्हणजे सुटलं. आपण लिहू, प्रयोग यशस्वी, समाप्त. फळ्याचं काम संपलं.”

“अरे वा!” कुलगुरू म्हणाले. “बावीस वर्षांनी सुटला? तुम्हीच सोडवलात?”

समितीच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. टॉवरसाहेबांनी कागद पुढे केला, पेनाचं टोपण काढून दिलं. एक सही करायची होती. कोण तपासणार होतं? सर नव्हते. विद्यापीठाच्या बातमीपत्रात फोटो आला असता. खालच्या मजल्यावरच्या इंजिनिअरांनी पेढ्यांची मागणी केली असती. आणि बावीस वर्षं लोक ज्या नजरेने बघतात, सोडवतोय बिचारा अजून, ती नजर कायमची गेली असती. खोटं कशाला सांगू, पेन मी हातात घेतलं.

मागे भिंतीला टेकून मुलं उभी होती. टाळ्या वाजवल्या नव्हत्या त्या फक्त त्यांनी. दुसऱ्या आठवड्यातून गेलेली मुलं ती.

“सुटलेला नाही,” मी म्हटलं.

“सर, तांत्रिकदृष्ट्या—”

“तांत्रिकदृष्ट्या नाही आणि कुठल्याच दृष्टीने नाही. मी बावीस वर्षं झगडतोय आणि मला तो सुटलेला नाही. हवं तर लिहून सही करून देतो. पुसला गेला तो माझ्या गाढवपणामुळे.”

आयुष्यात पहिल्यांदा हे मोठ्याने बोललो आणि बोलल्यावर छाती मोकळी झाली.

टॉवरसाहेबांनी पेन परत घेतलं. “ठीक आहे. पण मग प्रयोग आहे त्या स्थितीत नाही. तुम्ही पुन्हा लिहाल, पण ते तुमचं अक्षर. मूळ प्रयोग खंडित झाला. फळा आज भंगारात.”

“साहेब, एक सांगू?” दाराशी मामा उभे होते. “मूळ म्हणाल तर ते एकवीस वर्षांपूर्वीच गेलं.”

“म्हणजे?” हे मी विचारलं.

“सर निवृत्त झाले त्याच्या पुढच्याच वर्षी कौलं गळली. अर्धी चौकट वाहून गेली. तुम्ही सुट्टीवर होता. मी उरलेल्यावरून गिरवलं. खडू किती टिकणार, सर? दरवर्षी सुट्टीत मी उजळतो. यंदा हलवाहलवीत राहून गेलं.”

बोलत बोलत ते पुढे आले. खिशातून खडू काढला, कुलगुरूंच्या पुढ्यातल्या पाण्याच्या पेल्यात बुडवला आणि कोपऱ्यात लिहायला लागले. “ओला खडू धूळ उडवत नाही. यंत्र ओरडणार नाही,” टॉवरसाहेबांना ते म्हणाले. दोन ओळी, चौकट, खाली ‘सुटेपर्यंत पुसू नये’. तेच वळण, तीच खाली झुकलेली मात्रा. ज्या अक्षरापुढे मी एकवीस वर्षं सरांना मनातल्या मनात नमस्कार करत होतो, ते अक्षर मामांचं होतं. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

“प्रयोग असाच चालतो, साहेब,” मी टॉवरसाहेबांना म्हटलं. “दरवर्षी एकदा उजळायचा. खंड पडलेला नाही. आहे त्या स्थितीत आहे.”

कुलगुरू पुन्हा ते वाचत होते. “पण प्रोफेसर, जो सुटत नाही तो ठेवायचा कशासाठी?”

“साहेब, सुटलेली सगळी गणितं पुस्तकात आहेत. त्यांना जागा लागत नाही, एक कपाट पुरतं. न सुटलेल्याला जागा लागते. नाहीतर ही एवढी इमारत घेतलीत कशाला? हा फळा इथून जाणार असेल तर त्याच्याबरोबर मीही जिन्याने खाली जाईन, आणि या वेळी कठड्याच्या वरून.”

हे जरा जास्त झालं. खोलीत कुणी हललं नाही. कुलगुरू फळ्याकडे बघत राहिले, समिती कुलगुरूंकडे, टॉवरसाहेब माझ्याकडे, आणि सगळे विचारात पडले.

दिवे गेले.

अंधारात मी हलायचं टाळलं. माझ्या मागे ओला खडू होता. मग दिवे आले आणि मी समोर पाहिलं. कुलगुरूंचा हात वर होता. समितीच्या दोघांचे हात वर होते. मुलांचे सगळे वर. मामांचाही. आणि तीन महिने माझे कागद दाबून ठेवणाऱ्या टॉवरसाहेबांचे तर दोन्ही वर होते.

मी पेन काढलं आणि इतिवृत्त लिहायला बसलो. विषय एक: फळा कायम ठेवण्याबाबत. उपस्थित सर्वांनी हात वर केले.

“सर, ते दिव्यासाठी होतं!” टॉवरसाहेब ओरडले.

“दिव्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही,” मी म्हटलं.

कुलगुरूंनी कागद वाचला. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. “यात खोटं काही नाही,” म्हणाले आणि सही केली.

दोन महिन्यांनी मामा निवृत्त झाले. आम्ही याच खोलीत खुर्च्या मांडल्या, भाषणाची वाट बघत बसलो. मामा उठले, खिशातला खडूचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. “ओला करून, सर. आणि कोट घालून येऊ नका,” एवढं म्हणाले आणि घरी गेले.

सुट्टी लागल्यावर मी एकटाच गेलो. रखवालदाराने ओळखपत्र मागितलं. सहाव्या मजल्यावर, बाह्या दुमडून, पाण्यात खडू बुडवून मी अक्षर न् अक्षर गिरवलं. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर मी थांबलो, कारण एक गोष्ट सुचल्यासारखी वाटली, आणि दिवे गेले. मी डावा हात वर करून हलवला. उजव्या हातातला खडू हलू दिला नाही.

सुचलं होतं ते चुकीचं होतं. घरी येऊन मी टॉवरसाहेबांना या महिन्याचा अहवाल पाठवला. प्रगती: नाही. प्रयोग चालू आहे.